किक स्टार्टर (स्कूटर)

किक स्टार्टर ही स्कूटरचे इंजिन पायाच्या जोराने फिरवून सुरू करणारी यांत्रिक जोडणी आहे. बोलीभाषेत तिला नुसते 'किक' म्हणतात. हा एकच शब्द बाहेर दिसणाऱ्या दांड्याला, आतल्या यंत्रणेला आणि दांडा दाबण्याच्या क्रियेलाही लावला जातो. अंतर्ज्वलन इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. सिलिंडरमध्ये इंधन व हवेचे मिश्रण ओढून घेणे, ते दाबणे आणि ठिणगी पाडणे या क्रिया घडण्यासाठी पहिल्या एक-दोन फेऱ्या बाहेरच्या शक्तीने द्याव्या लागतात. मोटार किंवा आधुनिक स्कूटरमध्ये हे काम विजेची मोटर करते. किकमध्ये ते चालकाचा पाय करतो.

किकची यंत्रणा साधी असली तरी ती अयोग्य वापराने लवकर खराब होते. तिचे बहुसंख्य बिघाड दोन कारणांनी होतात. दांडा आसावर आवळून धरणारा बोल्ट ढिला झालेला असतानाही गाडी तशीच वापरली जाते, हे पहिले. दुसरे म्हणजे आतले दाते एकमेकांत बसण्यापूर्वीच दांड्यावर पाय आपटला जातो.

इतिहास

आरंभीच्या मोटारसायकली सायकलप्रमाणे पायडल मारून किंवा धावत ढकलून सुरू कराव्या लागत. पायाने एकदाच दाबायच्या दांड्याची कल्पना व्यवहारात आणण्याचे श्रेय सहसा इंग्लंडमधील यॉर्कशायरचे अभियंता आल्फ्रेड अँगस स्कॉट यांना दिले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या मोटारसायकलींवर ही सोय आली. पुढे ती दुचाकींवर सर्वमान्य झाली.

इटलीतील पियाजियो कंपनीने १९४६ मध्ये कोराडिनो दास्कानियो यांनी आखलेली व्हेस्पा बाजारात आणली. तिचे इंजिन मागच्या चाकाला लागून उजव्या बाजूस असल्याने किकही उजवीकडेच आली. १९४७ साली आलेल्या लँब्रेटाचीही किक उजवीकडे होती. भारतात लँब्रेटाची बांधणी मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने केली, तर पियाजियोच्या परवान्याने व्हेस्पा बनविण्याचे काम बजाजने हाती घेतले. परवान्याची मुदत संपल्यावर १९७२ मध्ये बजाजची चेतक आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळालेली ही स्कूटर मिळविण्यासाठी ग्राहकांना कित्येक वर्षे वाट पाहावी लागे.

चेतकसारख्या स्कूटरबरोबर एक प्रथाही रुजली. सकाळी गाडी सुरू होत नसेल तर ती एका बाजूला चांगलीच तिरकी करायची, क्षणभर धरायची, मग सरळ करून किक मारायची. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरावे हा त्यामागचा हेतू. कधीकधी उपाय लागूही पडे. पण रोजच गाडी तिरकी करावी लागत असेल तर दोष किकमध्ये नसून पेट्रोलचा कॉक, त्याची जाळी, कार्ब्युरेटर किंवा प्लग यांपैकी कोठेतरी असतो. अशा गाडीला किकांवर किका मारत राहणे म्हणजे एका भागाच्या दोषाची शिक्षा दुसऱ्या भागाला देणे होय.

१९८० च्या दशकात आलेल्या कायनेटिक होंडाने बटनाने सुरू होणारी, गिअर न बदलावी लागणारी स्कूटर भारतीयांना परिचित करून दिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीपासून विनागिअर स्कूटर सर्वत्र झाल्या आणि गिअरच्या स्कूटर मागे पडल्या. या बदलात किक डाव्या बाजूला गेली आणि तिची आतली रचनाही पूर्णपणे बदलली.

रचना

दोन्ही प्रकारांत बाहेरची मांडणी सारखीच असते. पोलादी दांड्याच्या एका टोकाला पाय ठेवण्याची दुमडणारी पट्टी आणि दुसऱ्या टोकाला चिरलेले गोल छिद्र असते. छिद्राच्या आतल्या अंगाला बारीक उभ्या खाचा असतात. इंजिनातून बाहेर आलेल्या आसाच्या टोकावरही तशाच खाचा असतात. त्यांत दांडा बसतो आणि आडवा बोल्ट आवळला की चीर मिटून पकड घट्ट होते. बोल्टाचे काम केवळ दांडा पडू न देणे एवढेच नाही. तो आवळलेला असताना जोर सर्व खाचांवर सारखा विभागला जातो. तो ढिला झाला की दर किकेला दांडा थोडा हलतो, जोर खाचांच्या टोकांवर येतो आणि त्या झिजू लागतात. आधी दांड्याच्या खाचा जातात आणि तरीही दुर्लक्ष झाले तर आसाच्याही जातात. दांडा बदलणे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे, पण आस बदलण्यासाठी इंजिनाचे झाकण, आणि काही स्कूटरमध्ये संपूर्ण इंजिन, उघडावे लागते.

गिअरच्या स्कूटरमध्ये (व्हेस्पा, चेतक व त्यांच्या घाटाच्या गाड्या) आसाच्या आतल्या टोकाला पंख्याच्या आकाराचे दातेरी अर्धचक्र असते. दांडा वर असताना या अर्धचक्राचे दाते सुटे असतात. दांडा थोडा खाली आला की त्याचा पहिला दात समोरच्या लहान चक्रात शिरतो. हे चक्र रॅचेटच्या साहाय्याने गिअरपेटीतील चक्रसमूह फिरवते आणि तेथून क्लचमार्गे गती क्रँकशाफ्टला मिळते. रॅचेट म्हणजे एकाच दिशेने पकडणारे तिरपे दाते. इंजिन सुरू होऊन किकपेक्षा वेगाने फिरू लागले की ते आपोआप सुटतात.

या मार्गात क्लच मध्ये येतो, ही गोष्ट मोटारसायकलवरून स्कूटरकडे वळलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कित्येक मोटारसायकली गिअरमध्ये असतानाही क्लच दाबून किकने सुरू करता येतात. चेतकच्या घाटाच्या स्कूटरमध्ये क्लच दाबला तर दांडा हलका खाली जातो, पण इंजिन फिरतच नाही. आणि क्लच न दाबता गाडी गिअरमध्ये ठेवून किक मारली तर गाडी पुढे उसळते. त्यामुळे येथे न्यूट्रलला पर्याय नाही.

विनागिअर स्कूटरमध्ये किकची सारी यंत्रणा डाव्या बाजूच्या पट्ट्याच्या झाकणाच्या आत बसवलेली असते. येथेही आसावर अर्धचक्र असते. ते ज्या लहान चक्राला फिरवते त्याचे दाते तिरपे कापलेले असतात, आणि त्या चक्राला एक तारेची चिमटा-स्प्रिंग किंचित अडवून धरते. अडवल्यामुळे ते चक्र लगेच फिरत नाही. तिरप्या दातांमुळे प्रथम बाजूला सरकते व त्याच्या तोंडावरचे रॅचेटचे दाते क्रँकशाफ्टच्या टोकावरील दात्यांना जाऊन भिडतात. त्यानंतरच इंजिन फिरते. ही चिमटा-स्प्रिंग सैल पडली किंवा चुकीच्या जागी बसली तर चक्र सरकण्याऐवजी नुसते जागेवर फिरते आणि किक 'फ्री' जाते. स्कूटरच्या किकमध्ये इतका स्वस्त आणि इतका महत्त्वाचा भाग दुसरा नाही.

दोन्ही प्रकारांत एक जाड गुंडाळीची स्प्रिंग दांडा परत वर आणते.

योग्य वापर

गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करावी. साइड स्टँडवर गाडी एका अंगाला कललेली असते. त्या स्थितीत मारलेल्या किकचा जोर स्टँडच्या खिळ्यावर येतो आणि गाडी कलंडण्याचीही भीती असते. शिवाय अनेक नव्या स्कूटरांत साइड स्टँड खाली असेपर्यंत इंजिन सुरूच होत नाही. चालक दहा-बारा किका मारून घामाघूम होतो आणि दोष इंजिनाला देतो. ठिणगी बंद करणारा लाल स्विच असलेल्या गाड्यांत तोही आधी पाहावा.

गिअरच्या गाडीत न्यूट्रल, विनागिअर गाडीत मागचा ब्रेक दाबलेला, असा नियम आहे. ब्रेक यासाठी की इंजिन थंडीत चोकवर सुरू होताना वेगाने फिरते आणि केंद्रोत्सारी क्लच पकडून चाक फिरू शकते. मुख्य स्टँडवर चाक अधांतरी असल्याने ते लक्षात येत नाही. पण त्याच वेळी गाडी स्टँडवरून उतरली तर ती चालकाला घेऊन पुढे जाते.

प्रत्यक्ष किक दोन भागांत मारायची असते. प्रथम दांडा पायाने हळूच खाली न्यावा, तो आतल्या दात्यांना भिडल्याचा अडथळा जाणवेपर्यंत. तेथे क्षणभर थांबून मग शरीराचा भार टाकत दांडा एका सलग हालचालीत तळापर्यंत न्यावा. पाय शेवटपर्यंत दांड्यावरच असावा आणि दांडा वर येतानाही त्याला पायाची सोबत असावी. वरूनच लाथ घातली तर अर्धचक्राचा पहिला दात समोरच्या चक्राच्या दाताच्या टोकावर आदळतो. जुन्या अर्धचक्रात पहिलाच दात गोल झालेला किंवा तुटलेला आढळतो तो यामुळे. तळाशी पोचल्यावर पाय एकदम काढून घेण्याची सवयही वाईट. स्प्रिंगच्या जोराने दांडा वर उसळून थांब्यावर आपटतो, आणि चेतकच्या घाटाच्या इंजिनात त्या थांब्याचे रबर बदलायला इंजिन फोडावे लागते.

पायात बूट असावा. पावसात ओली चप्पल दांड्यावरून घसरते आणि मोकळा सुटलेला दांडा नडगीवर बसतो.

पाच-सहा किकांत गाडी सुरू झाली नाही तर थांबून कारण शोधावे. पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, चोक हवा तसा आहे का, प्लगची टोपी घट्ट आहे का, एवढे तरी पाहता येते. पेट्रोलचा वास येत असेल तर सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त झालेले असते. कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा वेळी चोक बंद करून अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवावा व तीन-चार किका माराव्यात; जादा पेट्रोल बाहेर पडून गाडी बहुधा सुरू होते. प्लग काढून पुसणे हा याहून खात्रीचा मार्ग.

उलटी किक

दट्ट्या वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी अशी इंजिनाची योजना असते. इंजिन वेगाने फिरत असताना हे योग्यच. पण किक अर्धवट जोराने मारली तर क्रँकशाफ्ट इतका सावकाश फिरतो की स्फोटाचा दाब दट्ट्याला माथा ओलांडू देत नाही, मागे ढकलतो. त्या वेळी रॅचेट अजून पकडलेले असल्याने तो धक्का थेट दांड्यातून पायाला बसतो. यालाच उलटी किक म्हणतात. घोटा मुरगळणे, पोटरीला मार बसणे आणि क्वचित हाड मोडणे असे परिणाम तिने होतात. वारंवार उलटी किक बसत असेल तर ठिणगीची वेळ बिघडलेली असते. जुन्या प्लॅटिन पॉइंटच्या गाड्यांत पॉइंटची फट बदलल्याने हे सर्रास घडे. गुडघा ताठ ठेवून किक मारणाऱ्याला हा धक्का अधिक लागतो. गुडघा किंचित वाकलेला असावा.

पाणी शिरलेली गाडी

कोकण आणि मुंबई परिसरात पावसाळ्यात हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा रस्त्याकडेला उभी असलेली असंख्य वाहने पाण्यात बुडाली. पाण्यात बुडालेल्या स्कूटरला तशीच किक मारणे हा सर्वांत महागडा प्रमाद आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर दट्ट्या मध्येच अडतो आणि चालकाचा सारा भार दांडा, खाचा आणि दाते यांवर येतो. बटन दाबल्यास मोटरचा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो.

अशा गाडीचा प्लग आधी काढावा. प्लगच्या छिद्रावर तोंड न आणता, प्रज्वलन बंद ठेवून, दांडा हाताने किंवा हलक्या पायाने काही वेळा खाली न्यावा. पाणी पिचकारीसारखे बाहेर येते. इंजिनातले तेल दुधाळ दिसत असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. विनागिअर स्कूटरच्या पट्ट्याच्या झाकणातही पाणी शिरते. ते काढले नाही तर पट्टा घसरतो आणि किकचा आस गंजून पुढच्या काही दिवसांत दांडा खालीच अडकू लागतो.

बिघाड ओळखणे

किक हे इंजिनाची तब्येत सांगणारे साधनही आहे. जुने फिटर प्लग काढण्यापूर्वी दोन किका मारून पाहतात ते याचसाठी.

दांडा खाली जातो पण इंजिन फिरत नाही, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत 'किक फ्री जाते', तेव्हा प्रथम दांडा आणि आस यांच्याकडे पाहावे. दांडा फिरतो आणि आस जागेवरच राहतो असे दिसले तर खाचा गेल्या आहेत. दोन्ही एकत्र फिरत असतील तर दोष आत आहे: विनागिअर गाडीत चिमटा-स्प्रिंग किंवा रॅचेट, गिअरच्या गाडीत रॅचेट किंवा घसरणारा क्लच. इंजिन फिरते पण अडथळा फारच कमी लागतो, तर दाब गळत आहे. प्लग सैल असणे हे त्याचे सर्वांत साधे कारण, आणि झिजलेल्या रिंगा किंवा न मिटणारा व्हॉल्व्ह हे गंभीर. दांडा मुळीच खाली जात नसेल तर जोर वाढवू नये. इंजिन जाम झालेले असते, सिलिंडरमध्ये पाणी वा पेट्रोल भरलेले असते, किंवा दाताचे टोक दाताच्या टोकावर अडलेले असते. शेवटच्या प्रकारात दांडा वर सोडून पुन्हा हळू दाबला की सुटतो. अडकलेल्या दांड्यावर दोन्ही पायांनी उभे राहिल्याने झाकणाला तडा गेल्याची उदाहरणे गॅरेजांना नवी नाहीत. झाकण अॅल्युमिनियमचे असते.

दांडा खालीच राहतो, वर येत नाही, याचे कारण बहुतेक वेळा तुटलेली स्प्रिंग नसून कोरडा किंवा गंजलेला आस असते.

दुरुस्ती

दांड्याचा बोल्ट काढताना तो नुसता ढिला करून भागत नाही. आसावर एक आडवी खोबण असते आणि बोल्ट त्या खोबणीतून जातो, म्हणजे तो पूर्ण बाहेर काढल्याखेरीज दांडा निघत नाही. हे न जाणता दांड्याला हातोडीने ठोकणारे आसाच्या खाचा स्वतःच्या हाताने खराब करतात. बहुतेक विनागिअर स्कूटरांत या बोल्टाला १० मिमीचा पाना लागतो. दांडा चिकटला असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून काही वेळ थांबावे आणि चिरेत स्क्रूड्रायव्हरचे टोक हलकेच घालून ती उघडावी. परत बसवताना खाचा तारेच्या ब्रशने स्वच्छ कराव्यात, दांडा खोबणीपर्यंत पूर्ण आत सारावा आणि मगच बोल्ट घालावा. बोल्टाचे आटे गेले असतील तर नवा बोल्ट घ्यावा. खाली स्प्रिंग वॉशर असावा.

दांड्याच्या खाचा गेल्या असतील तर दांडा बदलणे हाच उपाय आहे. त्याऐवजी दांडा आसालाच वेल्डिंग करून टाकण्याची पद्धत रस्त्याकडेच्या गॅरेजांत आढळते. तिने त्या दिवसापुरते काम होते, पण उष्णतेने शेजारचे तेलसील करपते, आणि पुढे विनागिअर स्कूटरचा पट्टा बदलायला झाकण काढायचे झाले की दांडा कापावा लागतो. पत्र्याची पाचर ठोकणे हा त्यामानाने निरुपद्रवी, पण तात्पुरताच इलाज आहे.

विनागिअर स्कूटरचे झाकण काढून आतली दुरुस्ती थोडा अनुभव असलेल्याला घरी करता येते. झाकणाचे बोल्ट कमीअधिक लांबीचे असतात. ते पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या-त्या जागी टोचून ठेवल्यास घोळ होत नाही. स्प्रिंग काढण्यापूर्वी तिची दोन्ही टोके कोठे अडकवली आहेत ते पाहून ठेवावे. ताणलेली स्प्रिंग सुटली तर डोळ्याला इजा होऊ शकते, म्हणून चष्मा घालावा. आस बाहेर काढून गंज घासावा, अर्धचक्र व लहान चक्राचे दाते तपासावेत, आणि आसाच्या बुशमध्ये बोटभर नव्हे, जेमतेम पुसट थर राहील इतकेच ग्रीस लावावे. जादा ग्रीस उडून पट्ट्यावर पडते आणि गाडी चढावर दम तोडते. चिमटा-स्प्रिंगचे टोक झाकणातील तिच्यासाठी केलेल्या खाचेतच बसले पाहिजे. जोडणी झाल्यावर झाकण गाडीवर चढवण्यापूर्वी आस हाताने फिरवून लहान चक्र बाहेर सरकते आणि परत येते, हे पाहावे. ते सरकत नसेल तर गाडीवर चढवूनही सरकणार नाही.

चेतकच्या घाटाच्या स्कूटरमध्ये अशी सोय नाही. अर्धचक्र, स्प्रिंग आणि थांब्याचे रबर इंजिनाच्या दोन अर्ध्या भागांच्या मध्ये असल्याने इंजिन गाडीतून उतरवून, मॅग्नेटो व क्लच काढून ते दोन भाग वेगळे करावे लागतात. गॅस्केट आणि तेलसील नवी घालावी लागतात. त्यामुळे अन्य कारणाने इंजिन उघडले असता थांब्याचे रबर आणि किकची स्प्रिंग बदलून घेण्याचा जाणत्या फिटरांचा प्रघात आहे.

दांडा कोणत्या कोनात बसवावा हेही महत्त्वाचे. एक-दोन खाचा खाली बसवला तर तो प्रवास पूर्ण होण्याआधीच पायफळीला किंवा स्टँडला लागतो. फार वर बसवला तर पाय नीट पोचत नाही. नव्याने बसवल्यावर दांडा हाताने तळापर्यंत नेऊन काही लागत नाही ना, हे पाहावे. पहिल्या काही दिवसांच्या वापरानंतर बोल्ट एकदा पुन्हा आवळावा, कारण नव्या खाचा बसत असताना तो हमखास सैल होतो.

सद्यस्थिती

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक स्कूटरांत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन अंतःक्षेपण आले. त्यामुळे किकची उपयुक्तता बदलली. जुन्या स्कूटरमध्ये ठिणगीची वीज मॅग्नेटोतूनच मिळत असे, म्हणून बॅटरी नसली तरी गाडी किकने सुरू होई. अंतःक्षेपणाच्या स्कूटरला इंधनाचा पंप आणि नियंत्रण संगणक चालवण्यासाठी वीज लागते. बॅटरी थोडी उतरली असेल तर किक मदतीला येते. ती पूर्ण संपली असेल तर कितीही किका मारून अनेक गाड्या सुरू होत नाहीत. बॅटरी संपल्याची खूण म्हणजे चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक आवाज न येणे आणि फलकावरचे दिवे न लागणे. ही खूण दिसल्यावर किक मारत बसण्याऐवजी बॅटरी भरून घ्यावी लागते.

दीर्घकाळ बटनावरच सुरू होणाऱ्या गाड्यांत किक वर्षानुवर्षे न वापरल्याने आस जागीच गंजतो. आठवड्यातून एकदा किकने गाडी सुरू केल्यास यंत्रणा मोकळी राहते. काही नव्या स्कूटरांतून किक वगळण्यात आली आहे, आणि विजेवरच्या स्कूटरांत तिची गरजच उरलेली नाही. चेतक हे नाव धारण करणारी बजाजची सध्याची विजेवरची स्कूटरही त्यांतच मोडते.